अडीच शब्दांचं घराणं

ब्रेकबाईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं शहरात आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. बाकी सगळ्यांना ती ब्रेकबाई म्हणूनच ठाऊक. एकतीस वर्षं ती लोकांना मोटार शिकवत होती. टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी मिरवणारी पांढरी गाडी, स्टिअरिंगमागे घामानं निथळणारा विद्यार्थी, आणि त्याच्या शेजारी, फोटो काढायला बसल्यासारखी ताठ बसलेली ब्रेकबाई. तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता, आणि त्या ब्रेकच्या जिवावर निम्मं शहर धडधाकट हिंडत होतं.

तिचा उजवा पाय मात्र आता तिच्या हुकमात राहिला नव्हता. समोरून कुणी जिना भरभर उतरताना दिसलं, की हिचा पाय फरशीवर दाबला जाई. कुणी चहाचा कप काठोकाठ भरला, की पाय खाली. दातांचे डॉक्टर तिच्याकडे गाडी शिकायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाले, “बाई, तुम्ही माझ्या खुर्चीत बसता ना, तेव्हाही तुमचा पाय असाच दाबलेला असतो.”

“मग? तुम्ही तरी तिथे कुठे सावकाश जाता?” ब्रेकबाई म्हणाली. “आरसा बघा. आता गि...”

“गिअर,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी गिअर टाकला.

ही तिची पद्धत. पूर्ण वाक्य ती कधी सांगायचीच नाही. नेमकं अर्ध्या शब्दावर थांबायची. उरलेला अर्धा विद्यार्थ्याच्या तोंडून आला, की त्याला वाटायचं, वा, आपल्याला येतंय की! ही पद्धत तिनं मोटारीच्या कुठल्याही पुस्तकातून घेतली नव्हती. ती तिला मिळाली होती नाटकाच्या विंगेतल्या एका बुटक्या स्टुलावरून.

तिचे वडील प्रॉम्प्टर होते. आता हा शब्दही जुना झाला. नट रंगमंचावर उभा राहतो, दिवे त्याच्या तोंडावर, हजार डोळे त्याच्या अंगावर, आणि एखाद्या दिवशी त्याच्या डोक्यातून वाक्य उडून जातं. फांदीवरून पाखरू उडावं, तसं. त्या वेळी विंगेतल्या अंधारातून जो हळूच शब्द पुरवतो, तो प्रॉम्प्टर. टाळ्या नटाला, हार नटाला. प्रॉम्प्टरला काय, तर पाठदुखी. चाळीस वर्षं हा माणूस बुटक्या स्टुलावर बसला आणि त्याच्या आवाजावर किती राजे तरले, किती प्रेमिकांनी आपली प्रेमं कबूल केली, याची गणती नाही. प्रेक्षकांतल्या एकालाही त्याचं तोंड माहीत नव्हतं.

त्याचा नियम अडीच शब्दांचा. “पहिला शब्द आपण कुठे आहोत ते सांगायला,” तो लेकीला सांगे, “दुसरा कुठे जायचंय ते सांगायला. आणि तिसरा अर्धाच द्यायचा. म्हणजे उरलेलं माणसाला स्वतःला आठवल्यासारखं वाटतं. पूर्ण वाक्य दिलंस, तर त्याचा अपमान होतो. एकच शब्द दिलास, तर तो तुझ्याकडे बघत बसतो. अडीच.”

आणि ते अडीच शब्द द्यायचे कधी? तीन श्वास थांबून. कारण नट गप्प झाला म्हणजे विसरलाच असं नाही. तो विराम घेत असेल. विराम म्हणजे नटाचा दागिना, त्यावर हात टाकायचा नाही. म्हणून हा माणूस प्रयोगभर तोंडात एक लवंग धरून बसे, पुढच्या दातांत. बोलायचं तर आधी लवंग गालात सरकवावी लागे, आणि तेवढ्या अवकाशात खरं काय ते कळून जाई. लवंग ही त्याला आईकडून मिळालेली. ती सुईण होती. अडलेल्या बाईवर ओरडायची ऊर्मी आली, की ती लवंग चावायची. “जोर तिचा, वेळ माझी,” एवढंच तिचं शास्त्र.

तर असं हे घराणं. सुईण, प्रॉम्प्टर, ब्रेकबाई. तिघांची कामं तीन तऱ्हेची दिसतात, पण नीट बघा. तिघंही दुसऱ्याच्या शेजारी बसून, दुसऱ्याचं काम दुसऱ्याकडूनच करवून घेणारे. आणि गंमत अशी, की तिघांनीही असलं काही करायचं नाही अशी शपथ घेतली होती. सुईणीला फुलांची बाग लावायची होती. शेजारणीच्या अडचणीला एका दिवसापुरती गेली आणि नऊशे मुलं जगात आणून मोकळी झाली. तिच्या मुलाला नट व्हायचं होतं. आवाज बेताचा निघाला. मालक म्हणाले, आजच्या दिवस स्टुलावर बस, उद्या बघू. तो उद्या चाळीस वर्षं आला नाही. आणि ब्रेकबाईला मोठाले ट्रक हाकत लांब लांब जायचं होतं, एकटीनं, शेजारची जागा रिकामी ठेवून. मोटार शाळेच्या मास्तरांना गालगुंड झालं आणि ती एका दिवसापुरती शेजारच्या जागेवर बसली. मास्तर बरे झाले, निवृत्त झाले, वारलेसुद्धा.

तिचा नवरा बेकरीवाला. त्याच्या घरात चार पिढ्या पाव भाजत होत्या आणि त्यात लपवाछपवी काही नव्हती. “आमच्याकडे पोर रांगायला लागलं, की सरळ पिठात जातं,” तो म्हणे. “तुमच्याकडे आधी आठ दिशांना पळतात आणि मग मागच्या दारानं त्याच खोलीत येतात. एवढी पायपीट कशाला?”

“आमच्या खोलीत निदान गरम तरी होत नाही,” ब्रेकबाई म्हणे.

या दोघांना एकच मुलगी. आणि तिनं मात्र पळापळ न करता, भर जेवणात, हातातला घास खाली ठेवून जाहीर केलं होतं, “मी मधोमध उभी राहणार. दिव्याखाली. आपल्या घरातलं कुणीतरी एकदा उभं राहायलाच पाहिजे.”

ती नटी झाली. सहा वर्षं मोलकरीण, परिचारिका, शेजारची मैत्रीण, दारावरची घंटा ऐकून ‘कोण आलंय बघते’ म्हणणारी धाकटी बहीण, असं सगळं केलं. आणि आता, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तिला पहिल्यांदा मुख्य भूमिका मिळाली होती. थिएटर तेच, आजोबांचं. समोर बापाच्या भूमिकेत साक्षात राजे. राजे म्हणजे ते जुने थोर नट. अर्धं आयुष्य त्यांनी मुकुट घालून काढलं, म्हणून लोक त्यांना राजेच म्हणत. आता वय झालं होतं आणि मुकुट उतरला होता. या नाटकात ते एका म्हाताऱ्या घड्याळजीचं काम करत होते आणि ही त्यांची पुष्कळ वर्षांनी घरी परतलेली मुलगी.

रविवारी दुपारी चारचा पहिला प्रयोग. गुरुवारी सकाळी लेक स्वयंपाकघरात आली, आईच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “आई, रविवारी तू येऊ नकोस.”

ब्रेकबाईचा पाय टेबलाखाली खटकन खाली गेला.

“का गं?”

“तुला माहितीये का ते.”

माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं. लेक नऊ वर्षांची असताना शाळेत तिनं कविता म्हटली होती. चार कडवी. आई पहिल्या रांगेत. आणि आईचे ओठ हलत होते, मुलीच्या अर्धा क्षण आधी. मुलीनं हळूहळू स्वतःची आठवण सोडून दिली आणि ती आईच्या ओठांवरून वाचायला लागली. तिसऱ्या कडव्यात आईला शिंक आली. रंगमंचावरून पोरगीही शिंकली. सभागृह पाच मिनिटं हसत होतं.

“एकोणीस वर्षं झाली त्याला,” आई म्हणाली.

“आणि गेले दोन महिने मी भिंतीपलीकडे संवाद पाठ करतेय, तर तू इकडे भांडी घासताना माझ्या आधी म्हणतेस! माझेच नाही, राजेंचेसुद्धा! बाबा, खरं सांगा, म्हणते की नाही?”

बेकरीवाला वर्तमानपत्रात शिरला. “मी पहाटे चारला उठतो. मला काही ऐकू येत नाही.”

“मला तुला बघायचंय,” ब्रेकबाई म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. त्या बाईनं जन्मभर बाकीच्यांना पुढे जाताना बाजूनं पाहिलं होतं. समोरून बघायचं राहून गेलं होतं. “आपल्यातलं माणूस मधोमध उभं असताना कसं दिसतं, ते मला एकदा बघू दे.”

लेकीनं बोट उगारलं. “अकराव्या रांगेच्या पुढे नाही. ओठ हलवायचे नाहीत. काहीही झालं तरी. मी तिथे आडवी पडले तरी. ओठ हलले, तर पुन्हा माझ्या एकाही प्रयोगाला यायचं नाही. शपथ घे.”

“घेतली.”

“आणि ते पायाचं?”

“पायाचं मी बघतो,” वर्तमानपत्रामागून बाप म्हणाला.

त्यानं ते असं बघितलं, की रविवारी भट्टीवर घालायचे जाड चामडी बूट चढवून तो नाटकाला आला. अंगात इस्त्रीचा कोट आणि पायांत ते काळेठिक्कर बूट. “पाय दाबायचा तर यावर दाब,” तो म्हणाला, “जमिनीवर आवाज होतो.” ब्रेकबाईनं वडिलांची छोटी गोल डबी पर्समधून काढली, एक लवंग निवडली, आणि पुढच्या दातांत धरली.

तिसरी घंटा झाली. दिवे मावळले. पडदा सरकतानाचा तो आवाज, मखमलीचा, दमदार, एखाद्या मोठ्या जनावरानं झोपेत कूस बदलावी तसा. ज्यानं तो एकदा आतून ऐकला, त्याला तो मरेपर्यंत पुरतो. ब्रेकबाईनं लहानपणी तो विंगेतून ऐकला होता, वडिलांच्या गुडघ्याला टेकून. समोरून ऐकायला ती आजच आली होती.

घड्याळांचं दुकान. म्हातारा खाली मान घालून भिंग लावून बसलाय. दार उघडतं आणि लेक येते. हातात बॅग. ती मधोमध येऊन उभी राहते, वरून दिवा तिच्यावर पडतो. आणि ती काही बोलतच नाही.

वाक्य होतं: ‘बाबा, मी आले.’ तीन शब्द. सगळ्या नाटकातलं सगळ्यांत सोपं वाक्य.

एक श्वास. ब्रेकबाईचा पाय नवऱ्याच्या बुटावर पडला. दोन श्वास. बूट मोठा कामाचा होता, तरी आतला माणूस कण्हलाच. लवंग दातांत घट्ट. ब्रेकबाई आता लेकीचा चेहरा बघतच नव्हती, ती तिच्या हाताचा अंगठा बघत होती. हे वडिलांनी शिकवलेलं. विसरलेल्या माणसाचा अंगठा बोटांवरून फिरतो, काहीतरी शोधत. विराम घेणाऱ्याचा अंगठा स्वस्थ असतो. लेकीचा अंगठा बॅगेच्या पट्ट्यावर निवांत पडला होता, झोपलेल्या मांजरासारखा.

“बाबा,” लेक म्हणाली, “मी आले.”

आणि सगळ्या सभागृहानं सुस्कारा सोडला. ब्रेकबाईनं पाय उचलला. “बघितलंस?” तिनं नवऱ्याला डोळ्यांनीच विचारलं. नवरा पायाची बोटं चाचपून बघत होता.

पहिला अंक असा गेला, की ब्रेकबाईला आपण कुठे बसलोय याचाच विसर पडला. ती पोर मधोमध उभी होती! चालत होती, हसत होती, बापाशी भांडत होती आणि दिवा तिच्यामागून फिरत होता. दोन महिने भिंतीतून ऐकलेली वाक्यं आता अंगावर कपडे चढवून, केस विंचरून समोर आली होती. मध्यंतरात बेकरीवाल्यानं विचारलं, “कशी वाटतेय?” ती म्हणाली, “आपल्या घरातली वाटतच नाही,” आणि हे ती इतक्या आनंदानं म्हणाली, की शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं.

मग दुसरा अंक. त्यात तो प्रसंग, ज्याच्यासाठी सगळं नाटक बांधलं होतं. मुलगी भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बोट करते आणि विचारते, “बाबा, सगळ्या शहराची घड्याळं तुम्ही चालू केलीत. हे एकच बंद का ठेवलंत?” आणि म्हातारा आठ मिनिटं बोलतो. मुलगी घर सोडून गेली त्या दिवसाबद्दल. ते भाषण राजेंचं.

लेकीनं प्रश्न विचारला. राजेंनी मान वर केली. भिंग डोळ्यावरून काढलं. भव्य हालचाल, भव्य विराम.

एक श्वास.

राजेंचा विराम हा त्यांचा बाणाच होता. ब्रेकबाईला तो चांगलाच ठाऊक होता, कारण तिच्या घरात त्या विरामाची एक जखम होती. पस्तीस वर्षांपूर्वी, याच रंगमंचावर, राजे पहिल्यांदा राजा झाले तेव्हा भावाला हद्दपार करायच्या हुकमावर सही करण्याआधी ते थांबले होते. त्या दिवशी वडिलांची लवंगांची डबी घरी राहिली होती. दातांत अडवायला काही नव्हतं; दुसऱ्याच श्वासाला शब्द निसटले आणि त्या शांततेत ते तिसऱ्या रांगेपर्यंत पोचले. राजे सावकाश विंगेकडे वळले आणि भर प्रयोगात म्हणाले, “प्रधानजी, आम्ही विसरलेलो नाही. आम्ही विचार करतो आहोत!” केवढा हशा! केवढ्या टाळ्या! पडदा पडल्यावर ते स्टुलापाशी आले आणि एवढंच म्हणाले, “मास्तर, विराम माझा होता.” पुढे ते दुसऱ्या कंपनीत गेले, वडिलांनी त्यांची माफी मागायची राहूनच गेली. म्हातारपणी वडील हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगत, पार हसवून सोडत. ते शेवटचं वाक्य तेवढं ते फक्त लेकीला सांगत, आणि तेव्हा हसत नसत.

दोन श्वास. राजे घड्याळाकडे बघताहेत.

ब्रेकबाईनं त्यांचा हात पाहिला. अंगठा फिरत होता. तर्जनीवरून मधल्या बोटावर, तिथून परत. अंधारात किल्ली शोधणाऱ्या माणसासारखा.

राजे विसरले होते.

आणि हल्ली विंगेत प्रॉम्प्टर ठेवत नाहीत. दिग्दर्शक उजव्या विंगेत वही उलटत असलेला अकराव्या रांगेतूनही दिसत होता, भलत्याच पानावर असावा. वाक्य होतं, ‘त्या दिवशी दार उघडंच राहिलं होतं.’ तिला ते येत होतं. दोन महिने भांडी घासताना येत होतं. लवंग आपोआप गालात सरकली. तीन श्वास पूर्ण झाले. आता घराण्याचा नियम सांगत होता, बोल. वडील सांगत होते, बोल. सुईणआजी सांगत होती, बोल गं. आणि समोर दिव्याखाली, सगळ्या घराण्यातली एकटी मधोमध उभी असलेली ती पोर, जिच्यासमोर शपथ घेतली होती. अकराव्या रांगेतून दिलेला शब्द फक्त राजेंना ऐकू गेला नसता, आठशे माणसांना गेला असता, आणि आजचा दिवस लेकीचा न राहता पुन्हा एका शिंकेचा झाला असता.

ब्रेकबाईनं लवंग दाढेखाली घेतली आणि कच्चकन चावली. तोंडात आग झाली. डोळ्यांतून पाणी आलं. ओठ जसे होते तसेच मिटलेले राहिले.

चार श्वास. मागे कुणीतरी खोकलं.

तेव्हा लेक हलली. ती मधोमधून निघाली, सावकाश, जणू तिलाच काही आठवतंय, आणि दारापाशी गेली. संहितेत ती तिथे जाणार नव्हती. दिवा मधेच राहिला, ती अंधारात. तिनं कडीवर हात ठेवला, प्रेक्षकांकडे पाठ केली आणि श्वास सोडता सोडता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “त्या दिवशी दा...”

अडीच.

राजेंची मान ताठ झाली. “दार,” ते म्हणाले, “दार उघडंच राहिलं होतं.” आणि त्यांना ते सगळं परत मिळालं. आठ मिनिटं तो म्हातारा बोलला. असं बोलला, की बेकरीवाल्यानं कोटाच्या बाहीला नाक पुसलं. भाषण संपलं तेव्हा भर प्रवेशात टाळ्या पडल्या, थांबेचनात. प्रेक्षकांना वाटलं, मुलीला त्या दिवसाची आठवण आली आणि बापानं ती पुढे ओढली. नाटकच असं सुंदर आहे.

ब्रेकबाई मात्र राजेंकडे बघत नव्हती. दारापाशी, दिव्याच्या बाहेर, अर्ध्या अंधारात लेक उभी होती. आठही मिनिटं तिचे ओठ किंचित हलत होते, राजेंच्या अर्धा क्षण आधी. आईला वाईटही वाटलं आणि हसूही फुटलं, दोन्ही एकदम, म्हणून तिनं नवऱ्याच्या बुटावर पुन्हा एकदा पाय दिला.

“आता काय झालं?” तो कळवळला.

“काही नाही,” ती म्हणाली. “आपल्याच घरातली आहे.”

प्रयोगानंतर रंगपटात पाय ठेवायला जागा नव्हती. आरशाभोवतीचे दिवे, पावडरीचा वास, कुणाची तरी टोपी कुणाच्या तरी खुर्चीवर. लेक अर्धा रंग पुसलेल्या चेहऱ्यानं पुढे आली.

“हलले का ओठ?” तिनं विचारलं.

“विचार बाबांना.”

“ओठ नाही हलले,” बाप म्हणाला. “माझी दोन बोटं हललीत, जागची.”

“माझे मात्र हलले!” लेक म्हणाली, आणि स्टुलावर धपकन बसून हसायला लागली. “आई, काय नशीब गं हे! सहा वर्षं धडपडून मधोमध पोचले. पोचले ना? दिवा होता ना माझ्यावर? आणि मी माझ्या पायांनी चालत विंगेपाशी गेले! कुणी ढकललंसुद्धा नाही!”

आई उत्तर देणार, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. राजे. उतरलेला रंग, गळ्याशी पंचा, चाल मात्र अजून सिंहासनाकडे निघाल्यासारखी.

“पोरी,” ते म्हणाले, “अडीच शब्द तुला कुणी शिकवले?”

लेकीनं आईकडे बोट केलं. राजेंनी ब्रेकबाईकडे निरखून पाहिलं. “तुम्ही... प्रधानजींच्या कोण?”

“मुलगी,” ब्रेकबाई म्हणाली. तोंडात लवंगेचा चोथा होता, त्यामुळे शब्द जरा जाडच आला.

रंगपटातली बडबड हळूहळू थांबली. राजे काही बोलेनात. ब्रेकबाईनं सवयीनं त्यांचा अंगठा पाहिला. स्वस्थ होता. म्हणून तीही थांबली. पुरे चार श्वास.

“त्या दिवशी आम्ही विचार करत होतो,” शेवटी राजे म्हणाले. “आज विसरलो होतो. साफ. डोक्यात नुसतं पांढरं. टाळी मला पडली, पण ती कुणाची ते मला माहीत आहे. हे त्यांना सांगायला हवं होतं. ते नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो.” आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. तो नाटकातला नव्हता. मग वर येऊन लेकीला म्हणाले, “आणि तू! पुढच्या रविवारीही दारापाशीच जा. मी विसरलो नसलो तरी जा. प्रसंग चढतो त्यानं. पण भाषण झाल्यावर परत मधे ये. तिथे तुझी जागा आहे, ती मी कुणाला गिळू देणार नाही. मलासुद्धा!”

“येते,” लेक म्हणाली. “मी काही एका दिवसापुरती आलेली नाही.”

हे ऐकून ब्रेकबाईनं लेकीच्या गालावरचा उरलेला रंग रुमालानं पुसला.

घरी जायला ती शिकाऊ पाटीची गाडीच होती. ब्रेकबाईनं पर्समधून किल्ली काढली, तशी लेकीनं ती तिच्या हातातून घेतली. ही लेक गाडी आईकडे शिकलीच नव्हती. ‘तुझ्या ब्रेकवर मी नाही शिकणार’ म्हणून चार गल्ल्या पलीकडच्या दुसऱ्या शाळेत जाऊन शिकली होती आणि मोटार शाळेत तो विषय आजतागायत कुणी काढत नसे. आता आई शेजारच्या जागेवर बसली. पायाखाली तो जादा ब्रेक. तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली.

“हे काय?” लेकीनं विचारलं.

“चालव तू.”

मागच्या सीटवर बेकरीवाल्यानं बूट काढून पाय चोळायला घेतला.

संध्याकाळ झाली होती, दुकानांतले दिवे लागत होते. घराकडचा नेहमीचा रस्ता खोदून ठेवलेला होता, त्यामुळे लेकीला वळसा घ्यावा लागला. कधी न पाहिलेल्या गल्ल्या, सारख्याच दिसणाऱ्या खिडक्या. पाण्याच्या टाकीजवळच्या एका चौकात ती थांबली. थांबली ती थांबलीच. मागच्यानं भोंगा वाजवला. ब्रेकबाईनं डबीतून नवी लवंग काढून दातांत धरली आणि खिडकीबाहेर बघत बसली. एक श्वास. दोन. तीन. मागे आता दोन भोंगे वाजत होते. लेकीचा अंगठा स्टिअरिंगवर फिरत होता, या बोटावरून त्या बोटावर.

“आई,” लेक म्हणाली, “आता बोल ना! हा विराम नाहीये. मी खरंच विसरलेय कुठून जायचं ते.”

ब्रेकबाईनं लवंग सावकाश गालात सरकवली.

“डावीकडे, टाकीमागून उज...”

“उजवीकडे!” लेक म्हणाली, आणि तिनं गाडी झोकात वळवली.